सोवळ्यातला गळ

वरुणरावांनी जन्मात कधी मासा धरला नव्हता. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्याबद्दल बाकी सगळं सगळ्यांना ठाऊक होतं, नेमकं एवढंच नव्हतं.

नाव वरुण, नोकरी कालव्यांच्या खात्यात. कावेरीचं पाणी कुठल्या फाट्याला कधी सोडायचं याचे कागद उभा जन्म त्यांच्या टेबलावरून गेले, पण त्या पाण्यात त्यांनी स्वतःचा घोटाही कधी बुडवला नाही. आंघोळ बादलीने. घरच्यांबरोबर नदीवर जायची वेळ आली तर काठावर उभं राहून चार थेंब डोक्याला लावायचे आणि पडसं झालंय म्हणून सांगायचं. पाण्याची भीती वाटते असं कबूल करणं खात्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

एका वर्षी मे महिन्यात ते आणि त्यांची बायको सुंदरी लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला गेले. लेक विनुता दिवसभर कामावर. जावई साईराम कुंभकोणमकडचा, आपल्यातल्याच, म्हणजे तंजावरी मराठी घरचा, स्वभावाने शांत. इतका शांत, की सासरे-जावई एका सोफ्यावर बसले की फ्रिजचा आवाज मोठा वाटे. या मुक्या माणसाला एकच नाद होता. तिथे वसंत लागला की अंगावर काळे पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास नावाचा मासा समुद्रातून खाड्यांत शिरतो, आणि त्याच्यासाठी चांगली शिकलीसवरलेली माणसं पहाटे उठून हाडं गोठवणाऱ्या पाण्यात कमरेएवढी उभी राहतात. गळही साधा नाही. त्याला किडा लावायचा नाही की कणकेची गोळी लावायची नाही. केस आणि पिसं दोऱ्याने आवळून केलेली खोटी मासोळी, ती लांब लवचीक काठीने, दोर मागे-पुढे झुलवत दूर फेकायची. माशाने फसायचं, आपण त्याला वर काढायचं, कौतुक करायचं आणि परत पाण्यात सोडायचं. हे शेवटचं ऐकून वरुणरावांना बरं वाटलं. एवढे कष्ट करून हाती काही लागू द्यायचं नाही, म्हणजे हे जवळजवळ आपल्या शास्त्रातलंच झालं.

पण खरी भुरळ पडली ती कपड्यांची. साईरामने त्यांना एक शेवाळी रंगाचा शर्ट दिला. त्याला पुढे खिसे, खिशांवर खिसे, पाठीला वारा जायला झडपा आणि छातीवर काहीबाही अडकवायला एक कडी. वर छातीपर्यंत येणारी रबरी विजार, डोक्याला मानेवर झालर असलेली टोपी. जन्मभर पांढरा शर्ट आणि वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, यांत गेलेला माणूस त्या पोशाखात आरशासमोर उभा राहिला आणि कितीतरी वेळ हललाच नाही. कुणीतरी धाडसी गृहस्थ समोर उभा होता आणि त्याचा चेहरा आपल्यासारखा होता.

त्या गृहस्थाने समुद्र पाहिला, वारा अंगावर घेतला, आणि तो पुन्हा गाडीत जाऊन बसला. साईराम रोज पहाटे बोलवायचा, वरुणराव रोज संपूर्ण पोशाख करून जायचे आणि गाडीतलं हीटर लावून, फ्लास्कमधली फिल्टर कॉफी घेत, काचेवरची वाफ पुसत जावयाची पाठ बघत बसायचे. 'उद्या येतो पाण्यात,' असं ते रोज सांगत. साईराम मान हलवी. निघायच्या आदल्या दिवशी साईरामला एक चांगला हातभर मासा लागला. तेव्हा मात्र वरुणराव खाली उतरले आणि माशाशेजारी, हात मागे बांधून, फोटोला उभे राहिले. विमानतळावर जावयाने त्यांच्या हातात एक कोरी काठी आणि कोऱ्या गळांची डबी ठेवली. "पुढच्या वर्षी, मामा," एवढंच म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणे.

तंजावरला परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या माशाबद्दल बोलताना वरुणराव 'आम्ही' म्हणत. दुसऱ्या आठवड्यात 'मी' म्हणू लागले. सोडून दिलेल्या माशाचं एक बरं असतं, तो वाढत राहतो. दीपावलीपर्यंत तो वरुणरावांच्या खांद्याला लागला होता. डबीतला एक गळ, लालसर पिसाचा, पांढऱ्या केसांचा, ते मराठी सभेच्या बैठकीत खिशातून काढून दाखवत. "हाच तो," म्हणत. शर्ट तर अंगावेगळा होईना. बँकेत तोच, आराधनेच्या उत्सवात गाणं ऐकायला तोच, भाजी आणायला तोच. धुवायला देत नसत. मच्छीमारीचा शर्ट धुतला की नशीब वाहून जातं, असा त्या लोकांत समज आहे म्हणे.

घरात त्यांची थोरली विधवा बहीण भुवनेश्वरी राहत असे. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्काचं सोवळं कडक. तिचं नऊवारी लुगडं गच्चीवर उंच बांबूवर वाळे, आणि ते काठीने चढवायचं, काठीने उतरवायचं, कुणी हात लावायचा नाही. भावाच्या शर्टाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. सुंदरीने मात्र तो घरात घ्यायचं नाकारलं. मागच्या अंगणात वेगळा दोर बांधला, आणि शर्टही काठीनेच उचलू लागली. त्या घरात आता कुणीही शिवायचे नाहीत असे दोन कपडे झाले, एक वर आणि एक खाली.

या सगळ्या भाग्यात एकच खडा होता. वरुणरावांना श्राद्धाचे वडे फार प्रिय. पूर्वी गल्लीत कुणाची तिथी असली की ब्राह्मण म्हणून बसायला पहिलं बोलावणं त्यांना येई. गोत्र वेगळं, दात शाबूत, पचन उत्तम. आणि श्राद्धाला बसणारी माणसं हल्ली तंजावरात मिळतात कुठे? पण अमेरिकेहून आल्यापासून एकाही घरून बोलावणं नव्हतं. वरुणरावांनी याचा अर्थ सरळ लावला. लोक जळतात.

सर्वांत जास्त जळत असणार सेतुमाधव. हे निवृत्त मुख्याध्यापक सभेचे चिटणीस होते आणि त्यांचा मुलगा न्यू जर्सीत होता. वरुणरावांचा मासा येईपर्यंत सभेत त्यांच्या नायगाऱ्याचा धबधबा एकटाच कोसळत असे. चैत्रात विनुता आणि साईराम येणार असं कळताच सेतुमाधव सायकलवरून उतरून दारात उभे राहिले.

"जावई येऊलालेत म्हणे. बेष झालें," ते म्हणाले. "तुम्ही दोघे मिळून आस्क्यांना, सगळ्या सभेला, एकदा गळ टाकून दाखवा कीं. पुस्तकांत वाचून कांहीं समजत नाहीं पाहा."

"पाणी कोठें आहे?" वरुणरावांनी हुशारीने विचारलं. पुदुआऱ्याचा कालवा कोरडा पडला होता आणि मेट्टूरचं धरण जूनशिवाय उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"पाण्याची चिंता तुम्हांला कां? सभेच्या अंगणांत मोठी पितळी गुंडी भरून ठेवतों. तुम्ही लांबून गळ त्यांत टाकायचा. परवां संध्याकाळीं. तुमच्या वडिलांची तिथी परवांच ना? दुपारीं मी जेवायला येणारच आहें, मग तसेच जाऊं."

काठी वरुणरावांनी जोडून पाहिली होती, झुलवली कधीच नव्हती. शिवाय साईराम. तो आला, पाया पडला, आणि त्याच दिवशी चार माणसांनी त्याला सासऱ्याच्या खांद्याएवढ्या माशाबद्दल विचारलं. साईरामने प्रत्येकाकडे शांतपणे पाहिलं आणि मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्याचं त्याला ठाऊक. वरुणरावांची त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत होईना. गल्ली हसली तर हसो, चार दिवसांनी दुसरं कुणी सापडेल. पण हा पोरगा, ज्याने एवढ्या पहाटे काही न विचारता गाडीचं हीटर लावून दिलं, त्याच्यासमोर आपण खोटारडे ठरणार, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती.

तिथीच्या दिवशी पहाटे, आंघोळीच्या आधी, वरुणराव पूर्ण पोशाखात गच्चीवर गेले. रबरी विजारीत घामाच्या धारा लागल्या. एका कुंडीला त्यांनी गुंडी मानलं, खिशातला तो लालसर पिसाचा गळ बांधला, आणि काचेआडून पाहिलेलं आठवून काठी मागे नेली. दोर मागे सपकन गेला तो पुढे आलाच नाही. त्यांनी जोर लावला. तट् असा आवाज झाला आणि नुसता दोर परत आला, गळ नाही. मागे शेजारच्यांचा नारळ होता. गेला झावळीत, असं म्हणून वरुणराव घाईघाईने खाली उतरले. नारळाच्या अलीकडे एक बांबू होता आणि त्यावर अक्काचं लुगडं वाळत होतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. जिला कुणी कधी शिवत नाही ती वस्तू घरात आहे हेही माणूस विसरतो.

अक्का न्हाऊन वर गेली, अंधारातच काठीने लुगडं उतरवलं, नेसली, आणि स्वयंपाकाला लागली. वडे, खीर, तिळाचे लाडू, अळूची भाजी, सगळं तिच्या एकटीच्या हातचं. सुंदरीलाही चुलीजवळ येऊ दिलं नाही.

दुपारी ब्राह्मण बसले. देवांच्या जागी वैद्यनाथशास्त्री, तेच विधीही सांगत होते. पितरांच्या जागी सेतुमाधव. आता श्राद्धात पितरांच्या जागी जो बसतो तो त्या घटकेला स्वतः कुणी नसतो, तो यजमानाचा बाप असतो. वरुणरावांनी ओलेत्याने, बोटात दर्भाचं पवित्र घालून, सेतुमाधवांचे पाय धुतले. सायकल मारून मारून टाचा भेगाळलेल्या होत्या. बापाच्या म्हणून त्यांनी त्या भक्तीने चोळल्या. समोर केळीची पानं मांडली. अक्का वड्यांची परात घेऊन वाकली आणि सेतुमाधवांचे डोळे वड्यांवरून सरकून तिच्या पदराच्या टोकावर थांबले.

"अक्का," ते म्हणाले, "तें काय लोंबतें?"

पदराच्या काठाला, लाल पिसाचा, पांढऱ्या केसांचा, गळ रुतून बसला होता आणि पंख्याच्या वाऱ्यावर ऐटीत डुलत होता. सभेत वर्षभर तो सगळ्यांनी पाहिला होता. ओळख करून द्यायची गरज नव्हती.

अक्काने परात खाली ठेवली. सुंदरी भिंतीला टेकली. वैद्यनाथशास्त्र्यांचा मंत्र ओठावरच राहिला. गळ माशाच्या तोंडातला. तो लुगड्याला लागला म्हणजे लुगडं बाटलं, लुगडं बाटलं म्हणजे त्या लुगड्याने केलेला स्वयंपाक बाटला, म्हणजे वडे, खीर, लाडू सगळं मातीत. पुन्हा न्हायचं, पुन्हा वाटायचं, पुन्हा तळायचं. तोवर श्राद्धाची वेळ टळणार आणि बाप उपाशी उठणार. बापाच्या, म्हणजे सेतुमाधवांच्या, पोटात त्याच वेळी मोठ्याने गुरगुरलं.

अक्काचा आवाज मात्र चढला नाही. "वरुणा, मी तुला दुसरें कांहीं विचारत नाहीं. हा कांटा माशाला लागलाय कीं नाहीं, तेवढें सांग."

वरुणरावांनी जावयाकडे पाहिलं. साईराम दारात उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

"कसा लागला नाहीं?" सेतुमाधव म्हणाले. भूक आणि आनंद यांची त्यांच्या चेहऱ्यावर झटापट चालली होती. "हाच तो म्हणून सभेंत सांगिटलें कीं त्यांनीं. ह्याच कांट्यानें धरला. खांद्याएवढा."

एक शब्द बोललं तर वर्षभर कमावलेलं नाव जात होतं. नाही बोललं तर बाप उपाशी जात होता. वरुणरावांनी पवित्राचं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. समोर पाटावर सेतुमाधव होते, पण त्या घटकेला ते सेतुमाधव नव्हते, आणि लहानपणी बापासमोर खोटं बोलताना तोंडाला जशी कोरड पडायची तशी त्यांना आता पडली.

"नाहीं लागला," ते म्हणाले. "कोरा आहे. डबींतून काढलेला. हा नाहीं, दुसरा कुठलाहि नाहीं. मी मासा धरलाच नाहीं. मासा साईरामनें धरला. मी गाडींत बसून कॉफी पिऊलालों होतों. सगळे दिवस."

लाजेने त्यांचे कान तापले होते. अक्काने पदर उचलून गळ डोळ्याशी नेला.

"केंस कसले हे?"

"हरणाच्या शेपटीचे," साईराम पहिल्यांदाच बोलला.

"मृगाजिन," अक्का म्हणाली. "तें शुद्धच."

"आणि हें तांबडें पीस?" सेतुमाधवांतला मुख्याध्यापक अजून जागा होता.

साईरामने तोंड उघडलं आणि मिटलं. अक्काने परात उचलली. "सेतु, तुला भूक नाहीं कां?"

सेतुमाधवांनी परातीकडे पाहिलं, पिसाकडे पाहिलं, आणि आचमनासाठी हात पुढे केला. सेतुमाधव त्या दिवशी बापाच्या नावाने जे जेवले, ते बाप हयात असतानाही कधी जेवला नव्हता. संध्याकाळचं प्रात्यक्षिक आपोआप बारगळलं, कारण चिटणिसांना पाटावरून उठवायला दोन माणसं लागली.

निघताना त्यांनी वरुणरावांना बाजूला घेतलं. वरुणराव टोमणा ऐकायला मान खाली घालून उभे राहिले.

"आषाढांत माझ्या आईची तिथी," सेतुमाधव ढेकर देत म्हणाले. "तुम्ही बसायला या. गेलें वर्षभर तुम्हांला कोण बोलावणार? माशाला शिवलेला मनुष्य श्राद्धाला कसा चालेल? आम्ही आस्के अडचणींत होतों. आतां चिंता नाहीं."

वरुणरावांना दारातच सगळा हिशेब लागला. ज्या माशाने आपल्याला मोठं केलं असं त्यांना वाटत होतं, त्याच माशाने त्यांचे वर्षभराचे वडे खाल्ले होते. कुणी जळत नव्हतं. लोक नुसतं सोवळं पाळत होते आणि भिडेपोटी गप्प होते.

संध्याकाळी त्यांनी साईरामला गच्चीवर गाठलं. "तुला काय वाटलें असेल माझ्याबद्दल," ते म्हणाले.

साईराम काठीचे सुटे केलेले भाग निरखत होता. "तुम्ही गाडीत होता ना मामा, म्हणून मी रोज जात होतो," तो म्हणाला. "एकट्याला तेवढ्या पहाटे कंटाळा येतो." मग जरा थांबून म्हणाला, "ते तांबडं पीस कोंबड्याचं."

"अक्काला ठाऊक होतें," वरुणराव म्हणाले. आणि पहिल्यांदाच ते दोघे मिळून हसले.

गोष्ट गल्लीभर झाली, सेतुमाधवांनी ती रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून बोलावणी सुरू झाली. वरुणरावांचा आषाढ-श्रावण वड्यांत गेला. शर्ट सुंदरीने काठीनेच उचलून सोड्यात उकळला, त्याचं नशीब मोरीतून वाहून गेलं. काठी अक्काने मागून घेतली. लांब, हलकी, टोकाला निमुळती. लुगडं बांबूवर चढवायला तिच्यासारखी काठी उभ्या तंजावरात नाही, असं ती म्हणते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात वरुणराव पुन्हा लेकीकडे गेले. या वेळी अंगात जुना बनियन आणि साईरामचा एक फाटका स्वेटर होता. पहिल्या दिवशी ते गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी कॉफी संपायच्या आत दार उघडून उतरले, जावयाचा दंड घट्ट धरला, आणि पाण्यात शिरले. भीती वाटली, तशी त्यांनी ती मोठ्याने सांगितली. साईरामने त्यांचा हात सोडला नाही. निघायच्या आधी एका पहाटे काठी वाकली, हात खांद्यातून उखडतो की काय असं झालं, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर त्यांच्या दोन हातांत एक जिवंत, गार, जड, पट्ट्यापट्ट्यांचा मासा होता. त्याचं तोंड उघडमीट करत होतं. वरुणरावांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्याचा दोष त्यांनी वाऱ्यावर ढकलला नाही.

साईरामने खिशातून फोन काढला.

"नको," वरुणराव म्हणाले. "फोटो नको."

त्यांनी मासा पाण्यात धरला, तो हाताला झटका देऊन गेला, आणि तो केवढा होता हे त्यांनी सुंदरीलाही सांगितलं नाही.

आषाढात सेतुमाधवांच्या आईची तिथी पुन्हा आली. वरुणराव पाटावर बसले. सेतुमाधव ओलेत्याने समोर वाकले, तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ओतू लागले.

"यंदां काय, गेला होतां कीं पाण्यांत?" त्यांनी हसून विचारलं.

"छे," वरुणराव म्हणाले. "गाडींतच होतों."

सेतुमाधवांनी विश्वासाने मान डोलावली आणि समुद्रात उभे राहून आलेले ते पाय, आईचे म्हणून, भक्तीने चोळून चोळून धुतले.